गोल धूळ

शेवया परत आल्या त्या दिवशी युएश्या दुपारी जेवली नाही.

शेवया वाढदिवसाच्या होत्या. शहरातल्या एका घरी आजोबांना ऐंशी पूर्ण होत होती, आणि डुकराच्या पायांच्या रश्श्यात घालायला युएश्याच्याच हातच्या शेवया हव्यात असा त्यांचा हट्ट होता. एकेक तार लांब, न तुटलेली, पांढरीशुभ्र. तार तुटली की आयुष्य तुटतं असं मानणारी ती पिढी. सूनबाई स्वतः गाडी घेऊन आली आणि तिनं डबा अंगणातल्या बाकावर उघडून ठेवला.

"मावशी, वीस वर्षं आम्ही तुमच्याकडून नेतोय, म्हणून मीच आले. हे बघा. आजोबा विचारत होते, यावर काळे तीळ का टाकलेत?"

तीळ नव्हते. नखानं टिपायला गेलं की काळी रेघ उमटायची आणि बोट खरखरीत लागायचं.

युएश्याला हे नवीन नव्हतं. दोन हिवाळे ती या ठिपक्यांच्या मागे लागली होती. वाळवणीचे बांबू तिनं घासून धुतले, पिठाचा व्यापारी बदलला, डोक्याला दुहेरी फडकं बांधलं. ठिपके थांबले नाहीत. शेवयांना उन्हाइतकाच वारा लागतो. हिवाळ्यात समुद्रावरून उत्तरेचा कोरडा वारा सुटला की वेइशा गावातल्या शेवया तीन तासांत खडखडीत होतात. त्याच वाऱ्याच्या वाटेवर, गावाच्या उत्तरेला, वीजकेंद्राच्या दोन चिमण्या उभ्या होत्या.

तिनं डबा स्कूटरच्या पायाशी ठेवला आणि थेट वीजकेंद्राचं फाटक गाठलं.

गावकऱ्यांशी बोलायला तिथं शाओ नावाचा अधिकारी नेमलेला होता. तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. त्यानं कागदी पेल्यात चहा दिला, डब्यात डोकावून पाहिलं, आणि हळहळून म्हणाला, "अरेरे. पण मावशी, हे आमचं नाही. आमच्या चिमणीला गाळणी आहे. शंभरातले नव्व्याण्णव भाग राख ती पकडते."

"आणि शंभरावा?"

"तो नगण्य असतो."

"असेल. पण जातो कुठं?"

शाओ हसला. वाईट हसला नाही. लहान मुलानं काही विचारलं की मोठी माणसं हसतात तसा. "मावशी, हे भौतिकशास्त्र आहे. तापलेली हवा वर जाते, वाऱ्याचे थर असतात, कणांचं वजन असतं. सांगितलं तरी तुम्हाला कळायचं नाही. धूळ काय, कुठूनही येते. तुमच्या देवळात दिवसभर उदबत्त्या जळतात. रस्त्यावरून मालट्रक जातात. तुमची स्वतःची चूलच घ्या ना."

निघताना त्यानं तिच्या हातात अननसाच्या वड्यांचा खोका ठेवला. युएश्यानं तो परत टेबलावर ठेवला.

देवळाचं नाव घेतलं याचा राग होताच. पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात घुमत राहिलं ते 'कळायचं नाही'. पस्तीस वर्षं ती पहाटे अंगणात उभी राहून नुसत्या गालावरच्या झुळुकीवरून ठरवत आली होती की आज पिठात मीठ किती घालायचं. दमट वारा असेल तर मीठ पाणी ओढतं, तार लोंबते. कोरडा असेल तर तडकते. वाऱ्यातलं तिला कळायचं नाही?

संध्याकाळी ती त्साओ मास्तरांकडे गेली. मास्तरांनी गावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. आता अठ्ठ्याहत्तरीचे झाले होते, हात कापायचे, आणि परसातल्या पेरूंना कागदी पिशव्या बांधण्यात त्यांचा दिवस जायचा.

"कोण, युएश्या? विज्ञानात शंभरात एकवीस."

"अजून लक्षात आहे, मास्तर?"

"तुझ्या नाही का?"

"आहे ना. म्हणून तर इतकी वर्षं आले नाही." तिनं डबा पुढं केला आणि शाओचं सगळं बोलणं सांगितलं. "मास्तर, तो शंभरावा भाग जातो कुठं?"

"मला माहीत नाही."

युएश्या बघतच राहिली. शाळेत असताना या माणसाच्या तोंडून तिनं हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

"माहीत नसण्यात लाज कसली?" मास्तर म्हणाले. "तुझा प्रश्न अवाढव्य आहे. लहान कर. राख कुठं जाते ते सोड. तुझ्या शेवयांवर काय पडतं, ते आधी बघ. जे पडतं ते देवळासारखं आहे, रस्त्यासारखं आहे, चुलीसारखं आहे, की कशासारखंच नाही?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी काचेच्या पट्ट्या आणल्या. प्रत्येक पट्टीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा आणि ती उघडी ठेवायची. जे पडेल ते चिकटून राहील. एक वाळवणीच्या अंगणात, एक देवळाच्या दारात, एक हमरस्त्याच्या कडेला, एक तिच्या चुलीपाशी, आणि एक गावाच्या उत्तरेच्या बांधावर. रोज नवीन पट्टी. तिच्यावर तारीख, आणि वारा कुठून व किती. वारा लिहायचं काम युएश्याचं. त्यासाठी तिला यंत्र लागत नव्हतं. वाळत टांगलेल्या शेवयांच्या तारांकडे बघून ती लिहायची: "उत्तर. तारा आडव्या." किंवा, "दक्षिण. तारा सरळ, जेमतेम हलतात."

शाळेच्या अडगळीतून मास्तरांनी जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. त्याच्या भिंगाला बुरशी आली होती. कापऱ्या हातांनी तो साफ करायला त्यांना आठवडा लागला, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

महिन्याभरानं त्यांनी पट्ट्या बघायला घेतल्या. देवळातली राख आधी. ती करड्या चिंध्यांसारखी दिसली, लाकडाच्या धाग्यांचे उभे तुकडे. रस्त्याची धूळ म्हणजे फोडलेल्या खडीसारखी, कोपऱ्याकोपऱ्यांची. चुलीजवळची काजळी मऊ, लोकरीच्या गुंत्यासारखी. मग मास्तरांनी अंगणातली, उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवसाची पट्टी सरकवली, बराच वेळ डोळा लावून बसले, आणि खुर्ची सोडून म्हणाले, "तूच बघ."

युएश्यानं डोळा लावला. भोकाभोकांचे काळे तुकडे होते, आणि त्यांच्यामध्ये मण्यांचा सडा पडला होता. गोल. अगदी गोल. काही काळे, काही मधासारखे, काही पाण्याच्या थेंबासारखे आरपार दिसणारे.

"हे कुणी वळले?" ती म्हणाली.

"तोच तर प्रश्न आहे."

दक्षिणेच्या वाऱ्याच्या दिवसांच्या पट्ट्यांवर मणी जवळजवळ नव्हतेच. उत्तरेच्या बांधावर सगळ्यांत जास्त. मास्तरांनी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काचेजवळ नेलं, तसे थोडे काळे मणी सरकून कागदाला चिकटले.

ते चिकटताना पाहिलं आणि युएश्या ताठ होऊन बसली. तिचा नवरा मू-शेंग बोटींच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचा. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की जमिनीवर बारीक, गुळगुळीत गोळ्या पडायच्या, आणि झाडताना ती दोरीला चुंबक बांधून त्या गोळा करायची. लोखंड चौकोनी असो की वाकडंतिकडं, त्याची ठिणगी गोलच होऊन पडायची.

"मास्तर, हे वितळलेलं आहे," ती म्हणाली. "हवेत असतानाच वितळलं आणि हवेतच गार झालं. पाण्याचा थेंब गोल होतो तसं. जमिनीवर फुटून, घासून इतकं गोल काही होत नाही. असं व्हायला आग हवी. माझ्या चुलीची नाही, त्याच्यापेक्षा मोठी."

 मास्तरांना हे आधीपासून माहीत होतं का, ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही. त्यांनी फक्त वही पुढं सरकवली. "लिही. तुझ्या शब्दांत."

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. तिचा दीर चिन्थू गावप्रमुख होता. मू-शेंग गेल्यावर यानंच तिला आधार दिला होता. पावसात वाळवण उचलायला हाच धावत यायचा. तो आला आणि अंगणात तारांच्या पडद्याआड उभा राहून बोलू लागला.

"वहिनी, हे काय काढलंत? पुढच्या महिन्यात तिसऱ्या चिमणीची जनसुनावणी आहे. देवाच्या उत्सवाला नाटकमंडळी कोण आणतं? म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी बस कुणाची? पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं."

"माशानं माझ्या ताटात घाण केली, भावजी."

"म्हणून तर मी बोलून आलोय. ते तुम्हाला बंद खोली बांधून देतायत. विजेवर चालणारी. पंखे, गरम हवा, सगळं. ना धूळ, ना पाऊस. फुकट."

"त्यांच्याच विजेवर?"

"मग काय झालं?"

"त्यांनी माझा वारा घाण करायचा, आणि मग मला पंख्याचा वारा द्यायचा. छान आहे. आणि शेजारच्या लहानग्या पोरी काय बंद खोलीत बसून श्वास घेणार?"

चिन्थू वैतागला. मग आवाज खाली आणून त्यानं खरं ते सांगितलं. "वहिनी, तुम्ही चार लोकांत उभ्या राहून म्हणणार की माझ्या शेवयांवर राख पडते. दुसऱ्या दिवशी त्या विकत कोण घेईल? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

 तो गेल्यावर ती दोन काठ्यांमधली तार ओढत राहिली. ओढायची, सैल सोडायची, पुन्हा ओढायची. तो म्हणाला ते शंभर टक्के खरं होतं. गप्प बसलं तर शेवया विकल्या जातील, आणि खाणाऱ्यांच्या पोटात काय जातं ते एकट्या तिला ठाऊक असेल. हा विचार आला आणि तिच्या हातातली तार तुटली. तिनं तो घाणा तिथंच टाकून दिला.

सुनावणी गावच्या सभागृहात होती. पुढच्या टेबलावर राजधानीहून आलेले तीन तज्ज्ञ, बाजूला शाओ, आणि चिन्थूच्या हातात घंटा. प्रत्येकाला तीन मिनिटं. घंटा झाली की खाली बसायचं. शाओनं पडद्यावर रंगीत तक्ते दाखवले. रोज दहा हजार टन कोळसा, त्यात दहावा भाग राख, गाळणीत नव्व्याण्णव टक्के पकडली जाते, उरलेली नगण्य. पाच-सहा जणांनी उठून वीजकेंद्राचे आभार मानले.

मग युएश्याचं नाव आलं. मास्तरांनी सूक्ष्मदर्शक छातीशी धरून आणला आणि तिच्यापुढं ठेवला. ती सरकारी भाषेत बोललीच नाही. गावच्या बोलीत बोलली.

"माझं नाव कांग युएश्या. मी शेवया करते. दोन हिवाळे माझ्या शेवयांवर राख पडतेय, आणि त्या मी तुम्हाला विकल्या. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

सभागृहात कुजबुज उसळली. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, परवाच खाल्ल्या की!"

"शाओसाहेब म्हणाले, शंभरावा भाग नगण्य. दहा हजार टन कोळसा, त्याची हजार टन राख. हजाराचा शंभरावा भाग दहा टन. रोजचे दहा टन. दोन हत्ती रोज आपल्या डोक्यावर उधळायचे आणि म्हणायचं, नगण्य."

कुणीतरी हसलं. शाओ उठला. "मावशी, आकडे असे जोडत नाहीत. कण पसरतात, विरळ होतात—"

"पसरतात कुठं, तेच तर मी विचारायला आले होते. तुम्ही म्हणालात, कळायचं नाही. म्हणून बघून आले." तिनं पट्टी सरकवली. "या. बघा. तुम्ही तज्ज्ञ आहात."

शाओ जागचा हलला नाही. "हे नमुने अधिकृत प्रयोगशाळेचे नाहीत."

"मी अधिकृत म्हटलंच नाही. मी म्हटलं, बघा."

"गोल कण कशाचेही असतात. वेल्डिंगचेसुद्धा."

"वेल्डिंग माझ्या नवऱ्यानं बावीस वर्षं केलं. त्याच्या गोळ्या लोखंडाच्या, काळ्या. इथं आरपार दिसणारे मणी आहेत, ते काचेचे. माती वितळली की काच होते. कोळशात माती असते, हे मला मास्तरांच्या पुस्तकात सापडलं. देवळाच्या धुपाटण्यात माती वितळते का? ट्रकच्या चाकाखाली वितळते? माझ्या चुलीत वितळली असती तर कढई आधी वितळली असती." ती शाओकडे वळली. "मग तुम्हीच सांगा, वेइशात माती वितळवणारी आग कुणाकडं आहे?"

घंटा वाजली. युएश्या खाली बसली नाही.

"वहिनी, वेळ झाली," चिन्थू म्हणाला.

"उत्तराची वेळ झाली, भावजी. माझी नाही."

घंटा पुन्हा वाजली. तज्ज्ञांच्या टेबलावरून कुणीतरी खूण केली आणि तिच्यापुढचा ध्वनिक्षेपक बंद झाला. युएश्यानं तो बाजूला ठेवला. समुद्रकाठी वाऱ्याविरुद्ध हाका मारून कमावलेला तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत सहज गेला. "ज्याला बघायचंय त्यानं यावं! डोळा तर सगळ्यांना आहे!"

 मग देवळात झाडलोट करणारी नव्वदीची आजी काठी टेकत निघाली. चिन्थूनं पुन्हा घंटा उचलली, तशी ती थांबून म्हणाली, "चिन्थू, ठेव ती खाली. तुझं बारसं मी जेवलेय. मला बघू दे." तिनं डोळा लावला, खूप वेळ पाहिलं, आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या उदबत्तीवर आळ घेतला होता काय? ही देवाची राख नव्हे."

मग रांग लागली. कोळी आले, शाळेतल्या बाई आल्या, वीजकेंद्रात कंत्राटावर काम करणारे दोघं मान खाली घालून आले आणि बघून गेले. तज्ज्ञांपैकी यान नावाच्या प्राध्यापक बाई टेबलामागून उठून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी तीन पट्ट्या पाहिल्या, वारा लिहिलेली वही चाळली, आणि विचारलं, "'तारा आडव्या' म्हणजे वाऱ्याचा वेग किती?"

"उद्या सकाळी अंगणात या," युएश्या म्हणाली. "तुमचं यंत्र घेऊन या. मी सांगते, तुम्ही मोजा."

यान बाई खरोखर आल्या. त्यांचं यंत्र आणि युएश्याच्या तारा यांचं छान जमलं. सुनावणीच्या इतिवृत्तात पट्ट्यांची नोंद झाली, त्या मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेत गेल्या, आणि दोन महिन्यांनी उत्तर आलं: कोळशाची राख. चौकशीत असंही निघालं की गाळणीचा एक भाग दोन हिवाळे दुरुस्तीसाठी बंद होता आणि भट्टी मात्र चालूच होती. गाळणी दुरुस्त होईपर्यंत एक भट्टी बंद ठेवायचा हुकूम निघाला. तिसऱ्या चिमणीचा निर्णय पुढं ढकलला गेला. रद्द झाला नाही. नुसता पुढं ढकलला.

चिन्थूचं भाकीतही खरं ठरलं. युएश्याच्या निम्म्या मागण्या तुटल्या. वाळवणीच्या अर्ध्या चौकटी रिकाम्या उभ्या राहिल्या. त्या वर्षी उत्सवाला नाटकमंडळी आली नाही, आणि बाजारात एका बाईनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय गं, यंदा नाटक तू करणार का?"

"केलं की सभागृहात," युएश्या म्हणाली. "तू झोपली होतीस वाटतं?"

तिनं फाटकावर फळा टांगला. उत्तरेचा वारा असेल आणि पट्टीवर मणी दिसले तर त्यावर लिहायची: "आज राख आहे. आज शेवया नाहीत." नसतील तर: "आज स्वच्छ. या, बघून घ्या." सूक्ष्मदर्शक अंगणातल्या बाकावर असायचा; गिऱ्हाईक आधी डोळा लावायचं, मग शेवया घ्यायचं. चिन्थू पहिले दोन महिने तिच्या दारावरून मान वळवून जायचा. मग एकदा अवचित पाऊस आला तेव्हा धावत येऊन त्यानं न बोलता बांबू उचलले आणि तसाच निघून गेला. तिनंही हाक मारली नाही.

वसंतात शेजारच्या गावातून कालवं पाळणाऱ्या दोन बहिणी आल्या. थोरली अंगणात पाय ठेवल्याबरोबर म्हणाली, "ताई, वीजकेंद्रातलं पाणी जिथं समुद्रात सोडतात, तिथली आमची कालवं वाळकुटी होतायत. पाणी कोमट लागतं. आम्ही विचारलं तर म्हणतात, समुद्र एवढा मोठा, चुलीवरच्या भांड्यासारखा तापतो होय? तुम्हाला कळायचं नाही."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच."

युएश्यानं पिठाचे हात धुतले. "मलाही माहीत नाही. कोमट म्हणजे किती कोमट? भरतीला की ओहोटीला? नळापासून किती लांबवर?"

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. "मोजलं नाही."

"मग चला, मास्तरांकडे तापमापक आहेत," ती म्हणाली आणि स्कूटरची किल्ली शोधू लागली. "ओहोटीला किती वेळ आहे अजून?"